जुन्या फुलबॅकला काढून टाका

जगातल्या प्रत्येक माणसाची काही ना काही किंमत असते आणि ती ठरवायचा हक्क देवाने फक्त आपल्याला दिलाय, असं मानणारा एकच माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, हे यजमान. उभा जन्म केळी मंडीत अडत्या म्हणून गेला. सकाळी घडांवरून एक नजर फिरवायची आणि भाव सांगून मोकळं व्हायचं. मंडी सुटली, पण नजर काही सुटली नाही. ती आता हॉकीच्या लीगवर जाऊन बसली आहे. टीव्हीवर खेळाडूंचा लिलाव लागला की साडूभाऊ धुतलेला सदरा घालून समोर बसतात. यांनी मान हलवल्याशिवाय तिकडे बोली तुटणारच नाही, असा थाट!

खेळाडू पारखायची रीत सरळ मंडीतली. "पिवळ्या केळ्याला गिऱ्हाईक भुलतं, साडूभाऊ. व्यापारी हिरवाच माल उचलतो." विशीतला पोरगा हिरवा. तिशी ओलांडली की, "पिकला. आता काळा पडायला कितीक वेळ?" त्यामुळे ज्या टीमवर यांचा जीव, तिच्याच मॅनेजमेंटशी यांचं कायमचं वाकडं. ते लोक यांना ओळखत नाहीत, हे त्यांना ओळखत नाहीत, पण वैर बांधावरच्या भाऊबंदकीसारखं. बरं, ही पारख मैदानापुरती राहील तर शपथ. जवळच्या बहादरपूरला एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. दोन घास झाले नाहीत तोच हे कुरकुरले, "हा वरणवाला विंगचा प्लेयर आहे, याला मधी कोणी उभा केला? आन तो जिलेबीवाला पाहा, एकदम सेल्फिश. पासच देऊन नाही राहिला." आणि उठून वाढप्यांच्या जागा बदलल्या की हो! मग काय, वरणाच्या आधी मठ्ठा आला, आमचे भात कोरडे राहिले आणि मुलीचा बाप हात जोडून उभा राहिला. साडूभाऊंनी त्याची समजूत काढली, "पहिली मॅच आहे भाई, टीम सेट होऊन राहिली."

पण खरा सामना असायचा रविवारी सकाळी. मुलगा बंगळुरूला नोकरीला. आक्का गेल्या तेव्हापासून त्या घरात सामान दोघांचं आणि माणूस एक. बापलेकांना एकमेकांशी साधं बोलता येत नाही. "जेवला का?" "हो. तुम्ही?" "हो." संपलं बोलणं! एक हॉकी तेवढी निघाली की दोघांना कंठ फुटायचा. आणि भांडणाचा मुद्दा एकच, टीमचा जुना फुलबॅक. हे म्हणायचे, पिकला, काढून टाका. तिकडून पोरगा ओरडायचा, "बाबा, तुम्हाला काही कळत नाही! तो मागे उभा आहे म्हणून पुढची पोरं बिनधास्त पळतात!" फोनमधला आवाज शेजारी आमच्या ओट्यावर मला ऐकू यायचा. फोन ठेवला की साडूभाऊ लाल चेहऱ्याने शनवारा चौकापर्यंत चालत जाऊन मावा जिलेबी घेऊन यायचे. "काय भांडतं पोरगं! वाघ आहे वाघ," म्हणत मला भरवायचे.

दिवाळीनंतर त्यांना एकदा चक्कर आली. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर निघालं म्हणून सांगितलं आणि मुलाला बजावलं, यांना चिडू द्यायचं नाही. पोरगा गुणाचा, त्याने ते मनावर घेतलं. पुढच्या रविवारी साडूभाऊ जिलेबीशिवायच माझ्याकडे आले. मी चहा पुढे केला.

"काय हो, फोन नाही आला?"

"आला ना. मी म्हटलं, त्या फुलबॅकला काढून टाकाले पाहिजे. म्हटलं आता भडकते. तर म्हणतो, हो बाबा, बरोबर आहे तुमचं." त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "तो बी म्हणाला, साडूभाऊ. म्हाताऱ्याला काढूनच टाका म्हणे."

ते गेल्यावर मी मुलाला फोन लावला. म्हटलं, "अरे, भांड की बापाशी!" तर तो म्हणाला, "मावसाजी, मला काय हौस आहे हो-हो करायची? पण त्यांना काही झालं आणि मी पोहोचलोच नाही तर?" आईच्या वेळी तो पोहोचला नव्हता.

तेव्हापासून मीच भांडतो. मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही. पेनल्टी कॉर्नर चारांपैकी कुठल्या कोपऱ्यात असतो, असं विचारून मी एकदा अब्रू घालवली आहे. तरी संध्याकाळी ते आले की मी हटून बसतो, फुलबॅक राहणार म्हणजे राहणार! साडूभाऊ जरा फुलतात. आतून बायको दटावते, "अहो, त्यांचं ब्लडप्रेशर!" मग आम्ही दोघं अगदी हळू आवाजात कडाक्याचं भांडतो.

आज संध्याकाळी चपला घालता घालता ते थांबले. "तुम्ही बरं भांडता. पण त्या फुलबॅकचं नाव काय, सांगा बरं?"

मला सांगता आलं नाही. ते हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या. उद्या रविवार आहे. उद्या मीच म्हणून पाहतो, म्हाताऱ्याला राहू द्या म्हणून. पाहू तरी, तो काय म्हणते."