चष्मा काढून ऐकणाऱ्या बाई

आमच्या हॉस्टेलच्या बाईंना चष्मा काढल्याशिवाय ऐकू येत नसे. हसू नका, खरंच सांगते. एखादी पोरगी ओढणीचं टोक पिळत दारात उभी राहिली की बाई आधी चष्मा काढायच्या, पदरानं पुसत बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोल आता. मले काही दिसून नाही राहिलं."

मी एकदा विचारलं, "काहून हो बाई, ऐकायले चष्मा कायले काढता?"

"अवो, पोरीले माझे डोळे दिसले का तिची जीभ आत जाते. मी आंधळी झाली का ती बोलती होते."

भंडाऱ्यात मुलींचं एक लहानसं हॉस्टेल होतं, तिथं मी स्वयंपाकाला होते. बाई तिथल्या रेक्टर. साकोलीकडच्या, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, आवाज असा की त्या व्हरांड्यात शिंकल्या तर रस्त्यावरची सायकल थांबायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं. एखादी गोष्ट पुडीत अर्धीच आली की बाई म्हणायच्या, "उरलेली तूच लिहून टाक." ती सवय मला आता लागली म्हणा.

त्या काळी पोरी मेसचे तांदूळ घरून आणायच्या. आपापल्या गावचं अर्धं पोतं एकेकीच्या खांद्यावर. सगळे एकत्र केले की त्यात खडे, धानाची टरफलं, सगळ्या तालुक्याची माती. म्हणून रविवारी सगळ्यांनी मिळून तांदूळ निवडायचे. मान खाली, हात कामात. त्यात गप्पा अशा रंगायच्या की माझा भात करपायचा.

आणीबाणी उठून निवडणूक झाली, त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. नव्या पोरी आल्या होत्या, बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या. त्यात पवनीकडची एक होती. हुशार, हसरी, तांदळातला खडा न बघता बोटानं ओळखायची. पण शनिवार आला की तिचं पोट दुखायचं. भंडाऱ्यात राहणारा तिच्या बापाचा मावसभाऊ तिचा इथला पालक. दर शनिवारी तो स्कूटर घेऊन यायचा, रजिस्टरवर सही करायचा आणि तिला घरी न्यायचा. ओवा दिला, हिंग लावला. तिचं पोट रविवारी सकाळी परत आल्यावरच बरं व्हायचं.

माझ्या डोक्यात काही आलं नाही. बाईंच्या आलं. त्यांनी सगळ्या नव्या पोरींना बसवून सरळ विचारलं, "कोण्या माणसानं कोणाले नको तसा हात लावला का? आतापर्यंत कधीही?" एकतीस पोरी, एकतीस मुक्या.

बाई रात्रभर घोरल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, "सरकार कशानं पडलं? गुपचूप टाकलेल्या मतानं. आपणही मत घेऊ."

दर पोरीला एक लाखोरीचा दाणा दिला, आमच्याकडचं बारकं कडधान्य ते, आणि एक चिंचोका. न्हाणीत मडकं ठेवलं. एकेकीनं आत जायचं. असं काही झालं असेल तर मडक्यात चिंचोका टाकायचा, नसेल तर लाखोरी. उरलेला दाणा मोरीत. बाईंचा अंदाज होता, दोन-तीन चिंचोके निघतील. मी म्हटलं, एखादा.

मडकं ओतलं तर चिंचोक्यांची चांगली ओंजळ भरली.

"बाई, पोरींची गडबड झाली," मी म्हटलं. "लाखोरीच्या जागी चिंचोका टाकला असंल. पुन्हा घ्या."

बाईंनाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं, पुन्हा नीट समजावलं. तेवढ्यात मागून एक पोरगी म्हणाली, "बाई, चिंचोका पडला का मडकं वाजते. बाहेर समद्याइले ऐकू येते." बाईंनी कपाळावर हात मारला आणि मडक्यात चार मुठी कोंडा टाकला.

या वेळी चिंचोके कमी व्हायचे तर वाढले. लाखोरीचे दाणे थोडेच उरले. पोरी चुकल्या नव्हत्या, आम्ही दोघी चुकलो होतो. पुढं एकेकीनं आपणहून बाईंना सांगितलं: कोणाचा मास्तर, कोणाच्या बहिणीचा नवरा, कोणाचा बसमधला अनोळखी. पोरी पुस्तकं घेऊन कॉलेजात येतात एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याच्या आधीपासून त्या काय घेऊन येतात, ते त्या कोंड्यात सापडलं.

बाईंनी दाणे मोजले. परत मोजले. "पोरी एकतीस. दाणे बत्तीस कसे?"

मी चूल फुंकायला लागले. शेवटची पोरगी बाहेर आल्यावर मी हात धुवायला म्हणून न्हाणीत गेले होते. एवढंच सांगते.

बाईंनी हळूच चष्मा काढला. पण मला नुसतं रडू आलं. म्हटलं, "जाऊ द्या ना बाई. बाईमाणूस म्हणजे काचेचं भांडं."

"काचेचं?" बाई कडाडल्या. "भंडाऱ्यात राहतेस आन् काचेचं म्हणतेस? पितळेचं म्हण. आपटलं तं पोचा येते, फुटत नाही. आन् पोचा ठोकून काढता येते, इथल्या पितळी भांड्यांच्या बाजारातल्या कोणालेही विचार." मग माझ्या हातातली फुंकणी घेऊन त्या स्वतःच चूल फुंकायला बसल्या, आणि धूर करून दोघींनाही रडवलं. बरंच झालं, कोण कशानं रडतं ते कळलं नाही.

कोणी कोणता दाणा टाकला ते त्यांनी विचारलं नाही. नियम मात्र नवा केला. शनिवारी कोणी न्यायला आलं तर आधी पोरीनं स्वयंपाकघरात येऊन मला सांगायचं. "माझा भात टाकू नका" म्हणाली तर ती जाणार. "टाका" म्हणाली तर राहणार. कारण कोणी विचारायचं नाही.

पहिल्याच शनिवारी स्कूटरचा हॉर्न वाजला. पवनीकडची पोरगी माझ्या दारात आली. तिनं चौकट घट्ट धरली होती.

"मावशी, माझा भात टाकजा."

मी दोन मुठी तांदूळ जास्तच टाकले.

बाहेर बाईंनी काकाला सांगितलं, "तांदूळ निवडायचे आहेत."

पुढच्या शनिवारीही तांदूळ. त्याच्या पुढच्या शनिवारीही. काका भडकला, "एवढे तांदूळ! हॉस्टेलात काय पलटण जेवते का?"

"खडेच लय आहेत या साली," बाई म्हणाल्या. "आन् काही काही खडे तं स्कूटरवर बसून येतात."

त्यानं पवनीकडे पत्र धाडलं, पोरगी हाताबाहेर गेली म्हणून. आठ दिवसांत बाप आला. धोतर गुडघ्यापर्यंत, चिखल तसाच. आल्या आल्या पोरीला म्हणाला, "ट्रंक भर. झालं तेवढं शिक्षण बस झालं."

बाई पोरीला आत घेऊन गेल्या. तिनं बाईंना सगळं आधीच सांगितलं होतं. "तुह्या बापाले सांगू का? तू नाही म्हणशील तं एक शब्द काढणार नाही."

पोरीनं ट्रंकेची कडी लावली, परत काढली. मग म्हणाली, "सांगा. पण मले घरी नका पाठवू."

मी चहा घेऊन गेले आणि निघायचं विसरले. बाईंनी थोडक्यात सांगितलं. आवाज इतका खाली की मलाच त्या परक्या वाटल्या. बापाचा चेहरा असा झाला, मी दुसरीकडे पाहिलं.

"मंग तं नेलीच पाहिजे," तो शेवटी म्हणाला. "एवढं झाल्यावर शिकून काय करते?"

"भाऊ, धान करता ना तुम्ही?"

"हो."

"धानात डुक्कर शिरलं तं डुक्कर हाकलता का धान उपटून घरी नेता?"

चहा पार गार झाला, वर साय धरली. बापानं तो तसाच बशीत ओतून पिऊन टाकला. उठला, माझ्याकडे वळला. "बाई, माह्या पोरीचा भात टाका आज," म्हणाला. मग हॉस्टेलच्या कागदावर काकाचं नाव खोडून पालक म्हणून बाईंचं नाव लिहायला लावलं आणि खाली अंगठा उमटवला. तिथून सरळ मावसभावाच्या घरी गेला. तिथं काय झालं ते मला माहीत नाही. पण त्या शनिवारी स्कूटर आली नाही, पुढेही कधी आली नाही.

काका मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. हॉस्टेल चालवणाऱ्या मंडळींत त्याची ऊठबस होती. बाई पोरींना भलतंसलतं विचारतात, अशी ओरड झाली. उन्हाळ्यात बाईंना कामावरून काढलं. बाई हसून म्हणाल्या, "चला, साकोलीले माझं शेत मले ओळखतही नसंल आता."

पोरींच्या शेवटच्या पेपरच्या दिवशीच त्या निघाल्या. मुद्दामच. आधी गेले तर पोरी रडून पेपर बुडवतील, म्हणाल्या. एस.टी. स्टँडवर मी होते, आणि बाईंची ट्रंक डोक्यावर घेतलेला तो बाप. पोरीला न्यायला आला होता, सुट्टीपुरता. बस आली, बाई खिडकीशी बसल्या. "पेपर कधी सुटते?" त्यांनी विचारलं.

"सहाले."

साडेपाच झाले होते. बस वैनगंगेच्या पुलाकडे निघाली, धूळ बसली.

आम्ही दोघं कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो. घंटा झाली. पोरगी बोटांना शाई माखून धावत आली, इकडे तिकडे पाहिलं.

"बाई कुठी आहेत?"

"गेल्या," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. "मंग पेपर कसा गेला ते कोणाले सांगू?"

बापानं डोक्याचा शेला सोडला, तिच्या घामेजल्या कपाळावर धरला.

"मले सांग," म्हणाला.