पुराच्या नाटकात लागलेली आग

शाळेत मी मराठी शिकवते आणि दरवर्षी स्नेहसंमेलनाचं नाटकही बसवते. त्या वर्षी आम्ही पुराचं नाटक केलं होतं. मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून खाडीकाठच्या जुन्या पुरांच्या गोष्टी गोळा केल्या आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचं नाटक लिहिलं. गावात रात्रीतून पाणी शिरतं आणि एक आजी सगळ्या पोरांना गोळा करून शेताच्या उंच बांधावर नेते, एवढीच गोष्ट होती.

आजीचं काम नववीतल्या एका मुलीकडे होतं. ती गास गावाहून सायकलने यायची, घरची भाजीची शेती. वर्गात ती पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची, तेही विचारल्यावरच. तालमीत मी तिला म्हटलं, "तुझी आजी घरी जसं बोलते ना, तसंच बोल."

ती खाली बघत म्हणाली, "बाई, लोक हसतील. आम्ही पाण्याला पानी म्हणतो."

"हसू देत. आजी तशीच बोलणार ना?"

तिने मान हलवली, पण ती घाबरली आहे हे मला दिसत होतं. घाबरले तर मीही होते. दरवर्षी घाबरते. कुणी वाक्य विसरेल, कुणाला ऐनवेळी ताप येईल, पडदा मधेच अडकेल. माझी भीती तोवर एवढ्याच गोष्टींची असायची.

आमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याकडे जाणारं दार स्टेजच्या अगदी बाजूला. मागच्या भिंतीला आणखी एक दार होतं, पण त्याच्यासमोर मोडके बाक रचून ठेवलेले. संमेलनाच्या दिवशी पाचवी-सहावीची मुलं पुढे सतरंज्यांवर बसली होती, पालक मागे खुर्च्यांवर. दुपारची वेळ होती, म्हणून अंधार व्हावा यासाठी आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. आगाशीच्या एका डेकोरेटरकडून हॅलोजन दिवे भाड्याने आणले होते. दोन मुलं विंगेत उभी राहून निळं लांबलचक कापड हलवत होती. ते पुराचं पाणी.

नाटक छान चाललं होतं. आजीचं पहिलं वाक्य ऐकून मागे थोडं हसू आलं, मग सगळे शांत झाले. मी विंगेत संहिता हातात धरून उभी होते. तेवढ्यात वास आला. इस्त्री जास्त वेळ ठेवली की येतो तसा.

समोरच्या विंगेत निळ्या कापडाचं टोक हॅलोजनवर पडलं होतं. मी बघते तोवर त्याची कड पेटली आणि शेजारच्या काळ्या पडद्याला आतल्या बाजूने जाळ लागला. मुलांनी कापड टाकून दिलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

मला ओरडता आलं नाही. डोकं मात्र भराभर चालत होतं. आग म्हणून ओरडलं तर मागची सगळी माणसं उठणार. दार पुढे आहे, म्हणजे ती दाराकडे धावणार, आणि मधे जमिनीवर ही एवढीशी पोरं बसली आहेत. मेन स्विच बंद केला तर मिट्ट काळोख. मी संहिता धरून तशीच उभी राहिले.

आजीने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे.  मग काठी टेकत, कमरेत वाकून, ती सरळ स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली मुलांत गेली.

"पानी आयलं रं पोरांनो! उठा, उठा! एकमेकांचा हात धरा. धावायचं नाय, बांध निसरडा हाय. चला माझ्या मागनं."

हे वाक्य नाटकात नव्हतं. मुलांना वाटलं हा खेळच आहे. ती खिदळत उठली, हात धरून रांगेने तिच्यामागे दाराबाहेर निघाली. गावकरी झालेली आमची मुलंही खाली उतरली आणि रांगेला हाकारू लागली. तेव्हा माझे पाय हलले. मी स्टेजच्या मागून जाऊन कापड हलवणाऱ्या त्या दोघा मुलांना खांद्याला धरून बाहेर ढकललं. विज्ञानाचे सर व्हरांड्यातला आग विझवायचा लाल सिलेंडर घेऊन आत आले.

मागून एक बाई उभी राहिली. "अहो, धूर कसला येतोय?"

दारातून आजीचा आवाज आला, "मावशी, तुमी बसा. आधी लहान पोरं."

लोक चक्क हसले. ती बाई खाली बसली. शेवटी सगळ्यांना कळलंच, खुर्च्या पडल्या, आरडाओरडा झाला, पण तोवर सतरंज्या रिकाम्या झाल्या होत्या. सरांनी पडदा ओढून खाली पाडला आणि आग विझवली. स्टेजची एक बाजू काळी पडली आणि एका मुलाच्या तळहाताला फोड आले. बाकी सगळी धड होती. तरी मैदानात मी मुलं पुन्हा पुन्हा मोजत होते आणि माझा आकडा प्रत्येक वेळी चुकत होता.

ती नळापाशी सापडली. ओकत होती. डोक्याला लावलेली पांढरी पावडर घामाने गालांवर ओघळली होती. मी तिची पाठ चोळली. म्हटलं, "कसं सुचलं गं तुला?"

"सुचलं नाही, बाई. मी पुढचं वाक्यच विसरले होते. तुम्ही पण सांगेनात. मग आजी घरी बोलते तसं तोंडात आलं ते बोलत गेले." आणि ती मोठ्याने रडू लागली. तिची आई धावत आली, तिने तिला पदराखाली घेतलं. मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी स्वतः उभं राहून बाक हलवून घेतले आणि मागचं दार उघडलं. मी त्यांना सांगितलं, आता नाटक नको. त्यानंतर बरेच दिवस मी घरी इस्त्रीला हात लावला नाही. वर्गात बाक जोरात सरकला तरी मी आधी दाराकडे बघायचे.

पुढच्या वर्षी नववीची मुलं आली. "बाई, नाटक कधी?" मी नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं, आणि मग मैदानात, भर उन्हात, पडदा आणि दिव्यांशिवाय करायचं ठरलं. वाऱ्यामुळे अर्धे संवाद कुणाला ऐकू गेले नाहीत. मुलं मात्र खूश होती. नाटक संपेपर्यंत माझी नजर स्टेजवर नव्हतीच. मी फाटकापाशी उभी होते, फाटकाची कडी हातात धरून, आणि लहान मुलं बसली होती तिथून फाटकापर्यंतची वाट मोकळी आहे ना, हे बघत होते.