शेजारणीचा हात
धानाच्या रोवणीच्या चिखलाचा वास आला की मला चामोर्शीतली ती सोनोग्राफी आठवते. आधीचं बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून सासूबाई रोवणी सोडून, पायांच्या चिखलासकट माझ्यासोबत आल्या होत्या. पडद्यावर एक ठिपका लुकलुकला. “हे काळीज,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “एकाच पेशीच्या अनेक होतात, मग कोणी काळीज होते, कोणी हाड.” सासूबाईंनी विचारलं, “त्यायले कोन सांगते, कोनं काय व्हायचं ते?” “शेजारच्या पेशी सांगतात.” सासूबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. “आमी बी शेजारणीचा हात पाहूनच धान रोवतो, बाई,” त्या हळूच म्हणाल्या. आज माझी मुलगी धानाच्या बांधीत आजीशेजारी वाकून रोवते आहे. तिची ओळ वाकडी जाते, पण चिखलातली बोटं दहाच्या दहा जागच्या जागी आहेत.