पास झाल्यानंतरची गोळी

आमच्या डेपोत त्यांना सगळे प्राचार्य म्हणतात. स्वतः दहावी नापास, हातात बसचं स्टिअरिंग, पण निम्मे ड्रायव्हर त्यांनी वैद्यकीय तपासणीत पास करून दिलेत. मी अकरा वर्षं त्यांच्याच गाडीवर कंडक्टर आहे, तेव्हा त्यांच्याविषयी बोलायचा हक्क माझाच.

वर्षातून एकदा ड्रायव्हरांचं ब्लडप्रेशर तपासतात. जास्त निघालं की हातची गाडी गेली, माणूस ऑफिसातल्या टेबलावर. प्राचार्यांचा क्लास आधी दहा दिवस भरायचा. "आता रोज गोळी, मीठ कमी, झोप भरपूर. पास झालात की गोळ्या ड्रॉवरमध्ये." स्वतःही तेच करायचे. मी चिडायचे, "अहो, गाडीचे ब्रेकही तपासणीपुरतेच लावता का?" त्यावर हसून म्हणायचे, "ताई, तुम्ही तिकिटं फाडा."

मग त्यांचा लाडका चेला, सात नंबरचा ड्रायव्हर, घरी बूट घालता घालता कोसळला. उजवी बाजू लुळी पडली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो खिडकीशी बसला होता, तोंड वाकडं, शब्द जड. "प्राचार्य," तो म्हणाला, "मी तर पास झालो होतो ना?"

दुसऱ्या दिवशी प्राचार्य दवाखान्यात गेले. एकशे अडुसष्ट, एकशे चार. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "तीन महिन्यांत खाली आलं नाही तर गाडी विसरा. आणि आलं, तरी गोळी सोडायची नाही."

पहिल्या अटीची मला काळजी नव्हती. परीक्षेपुरता अभ्यास त्यांचा तोंडपाठ होता. धास्ती होती ती पास झाल्यानंतरच्या सकाळची.

पण काय ते तीन महिने! त्यांनी ब्लडप्रेशरचं मशीन विकत आणलं. दर सोमवारी ड्रायव्हरांच्या खोलीत पट्टा बांधून एकेकाला पाच मिनिटं गप्प बसवायचे. आमचे ड्रायव्हर पाच मिनिटं गप्प, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी सदा डोकावत असायची.

तपासणीच्या दिवशी माझाच जीव टांगणीला लागला होता. दार उघडलं, प्राचार्य बाहेर आले. "एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी." मला इतका आनंद झाला की मी डेपो मॅनेजरसाहेबांसमोरच शिट्टी फुंकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ दहाची गाडी. मी आधी खिसा पाहिला. रिकामा. माझं डोकंच सणकलं. पालथ्या घड्यावर पाणी, म्हटलं. तीन स्टॉप मी त्यांच्याशी बोललेच नाही.

चौथा स्टॉप त्या चेल्याच्या घरासमोरचा. माणसं चढली, मी घंटी दिली, गाडी हलेना. पुन्हा दिली. तणतणत पुढे गेले, तर प्राचार्यांच्या एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात सीटखालच्या डब्यातून काढलेली पट्टी. समोर खिडकीत चेला, डाव्या हातात गोळी धरून. प्राचार्यांनी मान हलवली आणि दोघांनी एकदमच गोळी गिळली.

"आता रोज इथेच, ताई," ते म्हणाले. "तो एकट्याने घेत नाही. आणि मीही घेणार नाही, माहितीये मला."

मागून एक प्रवासी कुरकुरला, "अहो, उशीर होतोय."

एरवी अर्ध्या मिनिटाच्या उशिरासाठी भांडणारी मी. म्हटलं, "होऊ दे. बसा."