नाकातली तार आणि अकरा नंबरचे कान

इथे आखातात माझी मुलगी ज्या कॉलेजात शिकत होती, तिथे मुलींच्या बास्केटबॉल सामन्यांना पुरुषांना आत सोडत नाहीत. बाप बाहेर पार्किंगमध्ये थांबतात. फोन आत नेता येतो, पण फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही, असा दारावर तीन भाषांत फलक आहे. त्यामुळे स्कोअर टाइप करून बाहेर पाठवायचं काम चार वर्षं माझ्याकडे होतं. बाहेरच्या लोकांना सामना दिसत नसे, पण त्यावर सगळ्यात जास्त मतं त्यांचीच असत. ‘पालक – बास्केटबॉल’ नावाच्या ग्रूपवर मी ‘आठ-सहा’ एवढं पाठवलं की खाली वीस मेसेज येत, त्यातले निम्मे पंच कशी चुकली याबद्दल. आमचे हे त्यात आघाडीवर. अहमदीला तेल कंपनीत नोकरी, सुरक्षा विभागात, त्यामुळे नियमाचं कलम शोधण्यात त्यांना रस.

गॅलरीत माझ्या शेजारी नेहमी एक मैत्रीण बसायची. ती मूळची रत्नागिरीजवळची. तिच्या नवऱ्याचं शुवैखला गाड्या दुरुस्त करण्याचं गॅरेज आहे. तिची मुलगी आमच्या मुलीपेक्षा एका वर्षाने मागे, पण खेळात पुढे, आणि डोक्याला स्कार्फ बांधून खेळणारी. मैत्रीण थर्मासमधून चहा आणायची, मी डब्यातून काहीतरी न्यायचे. बरं चाललं होतं.

गेल्या वर्षीच्या उपांत्य सामन्याच्या आधी पंचबाईंनी मुलींना रांगेत उभं करून तपासलं. मैत्रिणीच्या मुलीच्या स्कार्फला हनुवटीखाली एक छोटी टाचणी होती. स्कार्फ चालतो, टाचणी चालत नाही. इलॅस्टिक सैल झालं म्हणून सकाळी घाईत लावलेली. पंचबाईंनी तिला बाहेर बसवलं. दुसरा स्कार्फ आणायला तिचे वडील साल्मियाला घरी गेले आणि गर्दीतून परत आले तोवर अर्धा सामना संपला होता. आम्ही चार गुणांनी हरलो.

त्या दिवशी मैत्रीण मला म्हणाली होती, “समोरच्या पोरींच्या केसांत क्लिपा हायत त्या दिसत नाय काय हिला?”

मी म्हणाले, “क्लिपांचं माहीत नाही. पण टाचणी होती ना? नियम तो नियम.”

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, बावीस वर्षं. नवीन आलेल्या मुलींच्या बांगड्या, अंगठ्या, लांब कानातली मी पहिल्याच दिवशी काढायला लावते. मी स्वतः कामावर मंगळसूत्र घालत नाही. हे सगळं मी तिला तिथेच सांगितलं. अर्धा सामना बाकावर बसलेल्या मुलीच्या आईला हे त्या वेळी सांगायची काही गरज नव्हती, पण मी सांगितलं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, “आणि तुमचा तो मोठा डॉक्टर? मी रक्त द्यायला आले होते तेव्हा त्याच्या बोटात हा एवढा खडा होता. त्याला काढवतेस?”

“ते वेगळं आहे,” मी म्हणाले.

तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

नंतर आम्ही पूर्वीसारख्याच बोलत होतो. निदान मला तसं वाटत होतं.

यंदा डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पुण्याला गेलो. मे महिन्यात मुलीच्या चुलत बहिणीचं लग्न, त्यात मुलीला खरी नथ घालायची होती. दाबाची नको म्हणाली, ती पडते. मराठी बोलायचा कंटाळा करणाऱ्या मुलीला नथ मात्र टोचूनच हवी, हे मला जरा गमतीचं वाटलं. मी म्हटलं, स्पर्धा संपू दे. ती म्हणाली, “आई, सगळ्या टेप लावतात. नो वन केअर्स.” हे खरं होतं. तीन वर्षं मी पाहत होते, निम्म्या मुली कानातल्यावर पट्टी चिकटवून खेळायच्या आणि पंच काही बोलत नसत. मी हिशेब केला: आता टोचलं तर मेपर्यंत भोक पक्कं होईल. सोनाराने सोन्याची बारीक तार घातली आणि आतून पीळ दिला. मी नियम वाचला नाही, चालत आलेली पद्धत पाहिली. लॅबमध्ये कोणी असं केलं असतं तर मी तिला फैलावर घेतलं असतं.

जानेवारीतले तीन सामने पट्टी लावून झाले. चौथा पुन्हा उपांत्य. मुलीचं शेवटचं वर्ष. हरलो तर तिच्यासाठी कॉलेजचं बास्केटबॉल तिथेच संपणार होतं.

या वेळी पंचबाई नवीन होत्या. त्यांनी रांगेत मुलीच्या नाकावरची पट्टी बघितली, बोटाने ‘काढ’ अशी खूण केली आणि पुढे गेल्या. मुलगी काहीतरी बोलली. पंचबाईंनी बाकाकडे हात केला.

आमच्या प्रशिक्षक बाईंनी समोरच्या संघातली अकरा नंबर दाखवली. तिच्या दोन्ही कानांना पांढऱ्या पट्ट्या होत्या, गॅलरीतूनही दिसत होत्या. पंचबाईंनी जवळ जाऊन पाहिलं, मान डोलावली आणि शिट्टी वाजवली. सामना सुरू झाला. अकरा नंबर मैदानात, आमची बाकावर.

“हे काय?” मी उभी राहिले. “कालपर्यंत चालत होतं, आजच कसं चालत नाही? आणि कानाला चालतं, नाकाला नाही, हे कुठल्या पुस्तकात आहे?”

आजूबाजूच्या आया सुरू झाल्या. एक म्हणाली, तार वर येते, कानातला टॉप सपाट बसतो, म्हणून असेल. दुसरी म्हणाली, सपाट असो की उंच, दागिना तो दागिना. तिसरी म्हणाली, या पंचबाई दुसऱ्या कॉलेजच्या ओळखीच्या आहेत. हे तिला कुठून कळलं, हे विचारल्यावर ती म्हणाली, वाटतं तसं.

मी ग्रूपवर लिहिलं. पार्किंग पेटलं. ह्यांनी दोन मिनिटांत नियमांच्या पुस्तकाचं पान टाकलं: दागिने घालता येणार नाहीत, एवढंच वाक्य. पट्टीबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे दोघीही चुकल्या, असं एकजण म्हणाला. म्हणजे दोघींनाही खेळू द्या, असं दुसरा म्हणाला. मग ह्यांचा मला वेगळा मेसेज आला: “अकरा नंबरच्या कानांचा फोटो काढ. पुरावा लागेल.”

मी लिहिलं, “फोटोला बंदी आहे.”

“एक काढला तर काय होतं?”

मी फोन मांडीवर उलटा ठेवला.

थर्मासच्या झाकणात चहा ओतत, माझ्याकडे न बघता मैत्रीण म्हणाली, “नियम तो नियम, नाय गो?”

तिने चहा माझ्या हातात दिला.

मुलगी बाकावरून उठून गॅलरीच्या कठड्याखाली आली. आम्ही सहा गुणांनी मागे होतो.

“आई, हे हाताने निघत नाहीये. आतून ट्विस्ट आहे.”

“काढलंस तर दोन-चार तासांत भोक बुजेल,” मी म्हणाले. “महिनाच झालाय. मेपर्यंत परत टोचायला जमणार नाही.”

“आय नो. कापून टाक.”

“नथ?”

“आई, मॅच चालू आहे.”

कापायला माझ्याकडे काही नव्हतं. मी पर्स उलटीपालटी करत असताना मैत्रिणीने नवऱ्याला फोन लावला. “गाडीत बारीक पकड हाय का? …नाय, एवढी मोठी नको. नटबोल्ट नाय काढायचा, पोरीच्या नाकातली तार कापायचीय. …हां, नाकातली. तू आण धावत.” फोन ठेवून मला म्हणाली, “जा दारापाशी. आणतोय.”

दारावर सुरक्षारक्षक बाई होत्या, नेपाळच्या. मैत्रिणीचा नवरा बाहेरून पकड पुढे करत होता आणि त्या ती आत घेऊ देत नव्हत्या. धारदार वस्तू आत न्यायची नाही, असाही नियम आहे. मी त्यांना हिंदीत सांगितलं काय झालंय ते. त्यांनी मैदानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पकड स्वतःच्या हातात घेतली.

“मैं साथ आती हूँ मॅडम. काटो, और वापस मुझे दो.”

त्या दिवशी नियम मोडला नाही आणि कामही अडलं नाही, असं फक्त तिथेच झालं.

बाथरूममध्ये मी पकडीचं तोंड सॅनिटायझरने तीनदा पुसलं. गॅरेजची पकड ती, काळा कापूस निघत होता. मुलीला कमोडच्या झाकणावर बसवलं, रक्षकबाईंनी फोनचा उजेड धरला. तार कापायला दोन सेकंद लागले, ओढून काढायला जरा जास्त. मुलीच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक टोचल्यावर येतं तसंच. दोन थेंब रक्त. मी कापूस दाबून धरला.

“रक्त वाहत असेल तर खेळू देणार नाहीत. एक मिनिट थांब.”

“हो गया?” रक्षकबाईंनी विचारलं आणि पकड परत घेतली.

दुसऱ्या सत्रात ती मैदानात उतरली. पंचबाईंनी नाक बघितलं आणि मान डोलावली, अकरा नंबरच्या कानांना डोलावली होती तशीच. आम्ही गुण भरून काढत आणले. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. मग समोरच्यांच्या एका मुलीने लांबून चेंडू टाकला आणि तो गेला. तीन गुणांनी हरलो. ती अकरा नंबर नव्हती, हेही सांगायला हवं, कारण ग्रूपवर पुढे आठवडाभर तीच होती असं चाललं होतं.

या स्पर्धेत तक्रार करायची तर सामना संपल्यावर लगेच गुणपत्रिकेवर कर्णधाराने सही करायची असते. तक्रार मान्य झाली तर सामना पुन्हा होतो. यंदा कर्णधार मैत्रिणीची मुलगी होती. ती टेबलाशी पेन घेऊन उभी राहिली आणि गॅलरीतून आया ओरडू लागल्या, सही कर, सही कर. माझ्या मांडीवर फोन थरथरत होता. ह्यांनी तक्रारीचा मजकूरसुद्धा इंग्रजीत लिहून पाठवला होता.

ती पत्रिका तिथेच ठेवून कठड्याखाली आली. तिने आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“काकू, करू सही? हिचं लास्ट इयर आहे.”

मला ‘कर’ म्हणायचं होतं. पहिलं सत्र माझी मुलगी बसून होती आणि गुण तिथेच गेले होते. अकरा नंबरचे कान मी डोळ्यांनी पाहिले होते. पण शेजारी मैत्रीण बसली होती आणि थर्मासचं झाकण लावत होती. मी विचारलं, “मागच्या वर्षी तुमच्यापैकी कोणी का नाही केली? त्यांच्या क्लिपा होत्या ना?”

“होत्या,” ती म्हणाली. “पण माझी पिनपण होती, काकू. खरंच होती.”

“मग कर्णधार तू आहेस. तू ठरव.”

तिने परत जाऊन पेनला टोपण लावलं, पंचबाईंशी आणि मग अकरा नंबरशी हात मिळवला. गॅलरीत माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, काय बाई आहे, स्वतःच्या मुलीसाठीसुद्धा बोलत नाही.

गाडीत मुलीने तेच विचारलं, वेगळ्या शब्दांत. “तू सांगितलं असतंस तर तिने केली असती.”

“हो,” मी म्हणाले. “केली असती.”

मग तिने कानात इअरफोन घातले. हे मात्र घरी पोचेपर्यंत बोलत होते.

गाडीत बसण्याआधी पार्किंगमध्ये मी मैत्रिणीला गाठलं होतं. तिचा नवरा पकड टूलबॉक्समध्ये ठेवत होता. मी म्हणाले, “मागच्या वर्षी मी तुला ते बोलायला नको होतं. लॅब आणि सगळं.”

“खोटं नव्हतं,” ती म्हणाली. “खोटं असतं तर तिथेच भांडले असते. खरं होतं म्हणून वर्षभर राग धरला.” मग गाडीचं दार उघडत, “पण डॉक्टराचं तू बोलली नाहीस अजून.”

भोक त्याच रात्री बुजलं. मे महिन्यात मुलीने दाबाची नथ घातली. पंगतीत ती मठ्ठ्यात पडली आणि सगळ्यांनी तिला चिडवलं.

डॉक्टरांचं मी त्या सामन्यानंतरच्याच रविवारी बोलले होते. इथे कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस, ते नेहमीसारखे सकाळी लॅबमध्ये आले आणि माझ्या टेबलावरच्या नमुन्यांना हात घालू लागले. नवीन मुलगी शेजारी उभी होती. तिच्या बांगड्या मी मागच्याच आठवड्यात काढायला लावल्या होत्या. मी म्हणाले, “सर, अंगठी.” त्यांना आधी कळलं नाही. मी बांगड्या काढून ठेवायची वाटी पुढे केली. त्यांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अंगठी ओढायला लागले. निघत नव्हती, साबण लावावा लागला. दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दुपारी मी मैत्रिणीला फोन करून सांगितलं.

“साबण लावला?” तिने विचारलं.

“लावला.”

“हाय ना नोकरी अजून?”

“आजपुरती आहे.”

“मग ये संध्याकाळी,” ती म्हणाली. “आणि नोकरी गेली तर गॅरेजात ये. आमच्याकडे अंगठ्या घालतात सगळे, तुला काम भरपूर.”