करंजाभोवतीचं गवत

मशीन बंद केलं की अण्णा आधी गॉगल कपाळावर सरकवत, मग दोन पावलं मागे येत, मान तिरकी करत आणि म्हणत, "आता बघ कडा."

समोर बघणारं कोणी असेलच असं नाही. कधी मी असे, कधी दुधाची पिशवी घेऊन चाललेले एखादे शेजारी, कधी नुसतं कुत्रं. कडा म्हणजे गवताची कडा. गवत जिथे फुटपाथला भिडतं, भिंतीला भिडतं, झाडाच्या बुंध्याला भिडतं, ती रेघ. "मधलं गवत कोण पण कापतो," ते म्हणत. "माणूस कडेला कळतो."

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. कोणी सांगितलेलं नसताना गल्लीचं काहीतरी अंगावर घेतलेला. आपण त्याच्याकडे बघून हसतो, त्याची सवय होते, आणि तो नसला की गल्ली जरा अव्यवस्थित दिसते.

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये अण्णांच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे, तिथे मी भाड्याने राहते. त्यांचं घराणं या शहरात इतकं जुनं की गाव कुठलं असं विचारलं तर ते "हेच की" म्हणत. मी पुण्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं मराठी घरापुरतं आणि त्यांचंही घरापुरतं, पण दोन वेगळ्या घरांपुरतं. ते "स्वल्प थांब" म्हणत, बरं म्हणायचं तर "सरी" म्हणत, आणि मी "ओके" म्हणायची. निभून जात होतं.

गवत कापायचं ते पेट्रोलचं मशीन त्यांनी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घेतलं. घराला गवत असं नव्हतंच. तुळस, कढीपत्ता आणि बाकी सगळी फरशी. गवत होतं समोरच्या रिकाम्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, आणि तिच्या भिंतीलगतच्या पट्टीवर. त्या पट्टीवर अण्णांनी करंजाची रोपं लावली होती. इथे त्यांना होंगे म्हणतात. उन्हाळाभर बादलीने पाणी घालून ती त्यांनी माझ्या उंचीची केली होती.

रविवारी सकाळी विधी सुरू व्हायचा. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून बाटली हलवायची. छोटा रबरी फुगा दाबून पेट्रोल वर चढवायचं, चोक ओढायचा, मग दोरीला हिसका. पहिल्या हिसक्याला मशीन कधीच सुरू होत नसे. अण्णा त्याला कन्नडमध्ये काहीतरी समजावणीचं बोलत आणि पुन्हा ओढत. सुरू झालं की सगळ्या गल्लीला कळे. खांद्यावरून पट्टा, लांब दांडी, आणि दांडीच्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. पातं नाही, नुसती दोरी. "दोरी आहे म्हणून बरं," ते सांगत. "पातं झाडाला लागलं तर झाड गेलं. दोरी काय करते?"

मला त्यांची लाज वाटायची, हे सांगायला हवं. माझी ऑफिसची मीटिंग चालू असताना खालून हाक यायची, "बाळ, ये की, कडा बघ!" आणि स्क्रीनवरचे सगळे चेहरे हसायचे. मी चार लोकांनी बघितलं तरी मान खाली घालणारी मुलगी. रस्त्यात हाक मारणाऱ्या माणसाच्या घरात राहणं मला अवघड जायचं.

एकदा मशीनच्या दोरीने उडवलेला खडा एका उभ्या गाडीच्या काचेला लागला. बारीक तडा गेला. बघितलं कोणीच नव्हतं. अण्णा त्या गाडीशेजारी फुटपाथवर बसून राहिले. मी दुपारी जेवण करून आले तरी बसलेले. मालक आला तेव्हा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या हातून झालं." आपली चूक आपण तोंडाने सांगायची, आणि दुसऱ्याची त्याच्या तोंडावर सांगायची, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्याच हिशेबाने पुढचं सगळं झालं.

पट्टीच्या एका टोकाला इडलीची गाडी असायची. गाडीवरची बाई शहराबाहेरच्या आनेकलहून पहिल्या बसने यायची. तिला सगळे इडली अक्का म्हणत. मी रोज तिच्याकडे खायची. तिला मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नव्हतं, म्हणून आमचं छान जमायचं. मी बोट दाखवायची, ती चटणी जास्त घालायची.

त्या उन्हाळ्यात गाडीजवळचं करंजाचं झाड पिवळं पडलं. अण्णांनी पाणी वाढवलं, शेणखत घातलं. आठवड्याभरात पानं करपून खाली आली. मग त्याच्या शेजारचं पिवळं पडू लागलं. अण्णा गच्चीवर येऊन कठड्यापाशी उभे राहत आणि गाडीकडे बघत राहत. इडलीच्या भांड्यातलं उकळतं पाणी अक्का कुठे ओतते, ते बघत होते. ती ते गटारात ओतायची. घाईत असली तर गटाराच्या अलीकडे, मातीतच.

एका सकाळी मी प्लेट हातात घेऊन उभी असताना अण्णा आले. त्यांच्या हातात त्या मेलेल्या झाडाचा शेंडा होता, वाळलेल्या पानांसकट. गाडीभोवती गर्दी होती. ते कन्नडमध्ये बोलले, ओरडून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला त्यातलं "मर" म्हणजे झाड कळलं आणि "बिसि नीरु" म्हणजे गरम पाणी. अक्का एकदाच काहीतरी म्हणाली. अण्णांनी शेंडा तिच्या गाडीवर, चटणीच्या डब्याशेजारी ठेवला. लोकांनी प्लेटा खाली ठेवल्या. मी माझी हातात धरून उभी राहिले. याच माणसाच्या घरात मी राहते हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुठे बघावं हे मला कळेना.

नंतर गल्लीच्या संघटनेची बैठक झाली. झाडं मारणारी गाडी नको असं ठरलं. महिना संपायच्या आत अक्का एका छोट्या टेम्पोत गाडी चढवून निघून गेली. अण्णांनी तिच्या जागेवर उगवलेलं गवतही कापलं. कडा सुरेख आली. मला कोणी बघायला बोलावलं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी पट्टीच्या दुसऱ्या टोकाचं झाड पिवळं पडलं. गाडीपासून सगळ्यात लांबचं.

तो रविवार होता. मशीन चालू होतं आणि मग मध्येच बंद झालं. "आता बघ कडा" आलं नाही. बराच वेळ काहीच आलं नाही म्हणून मी कठड्यावरून वाकून पाहिलं. अण्णा झाडाच्या बुंध्याशी गुडघ्यांवर बसले होते. मशीन पाठीशी तसंच लटकत होतं. मी खाली गेले.

त्यांनी कापलेलं गवत आणि माती हाताने बाजूला केली होती. जमिनीला लागून, अगदी जिथे गवताची रेघ संपते तिथे, सालच नव्हती. बुंध्याभोवती पूर्ण बांगडी होती. आतलं लाकूड गुळगुळीत, पांढरट. नायलॉनची दोरी दर रविवारी तिथून फिरली होती, कोवळी साल थोडी थोडी उडवत. अण्णांनी बांगडीवरून अंगठा फिरवला, एका बाजूने सुरू करून परत तिथेच येईपर्यंत. मग ते उठून गाडीजवळच्या त्या मेलेल्या झाडाच्या खुंटापाशी गेले, माती उकरली. तिथेही तीच.

"कडा," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही.

माझ्या तोंडात येत होतं ते सगळं इंग्रजीत होतं. इट्स ओके, अंकल. ते मी म्हटलं नाही, एवढंच बरं केलं.

चहूबाजूंनी साल गेलेलं ते झाड आता वाचणार नव्हतं. पानं गळाल्यावर अण्णांनी मुळाशी खणून ते खालपासून करवतीने कापलं. बांगडी मधोमध येईल असा हातभर तुकडा काढला आणि कापडी पिशवीत ठेवला. अक्का कुठे गेली हे त्यांनी कोपऱ्यावरच्या फुलवालीला विचारलं. आनेकलच्या बाजूला एका कारखान्याच्या फाटकाशी ती गाडी लावत होती.

"शनिवारी सुट्टी ना तुला?" त्यांनी जिन्यात विचारलं. "तेव्हा तू तिथे होतीस. आता पण ये."

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही, आणि सापडलं असतं तरी त्या चेहऱ्याला सांगवलं नसतं. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसमध्ये पिशवी त्यांनी मांडीवर धरली, एखादं तान्हं मूल धरावं तशी. वाटेत एकदाच म्हणाले, "तेव्हा चार माणसांसमोर बोललो. आता पण चार माणसं पाहिजेत."

चार काय, भरपूर माणसं होती. कारखान्याची पाळी सुटली होती. निळ्या शर्टातले कामगार गाडीभोवती दाटले होते. अक्काची गाडी आता मोठी दिसत होती, वर ताडपत्री होती. ती चटणी वाढत होती. तिने मान वर केली, आधी मला पाहिलं आणि हसली. मग माझ्यामागे अण्णा दिसले.

तिने शेगडी बंद केली.

 डाव चटणीत टाकला, डब्यावर झाकण ठेवलं, इडलीचं भांडं खाली उतरवलं आणि ताडपत्रीची दोरी सोडायला हात वर नेला. कामगार प्लेटा हातात घेऊन बघत राहिले. तिला वाटलं, हा माणूस इथूनही उठवायला आला.

"बेड, बेड," अण्णा म्हणाले. नको, नको. घाईघाईने त्यांनी पिशवीतून तो तुकडा काढला, आणि तेच चुकलं. तिने लाकूड पाहिलं आणि दोरी आणखी भराभर सोडू लागली. आणखी एक झाड. आणखी एक मेलेलं झाड घेऊन आला.

अण्णांनी तो तुकडा दोन्ही हातांनी पुढे धरला.  "तप्पु नंदे," ते म्हणाले. चूक माझीच. मग बांगडी दाखवत, स्वतःच्या खांद्यावरचा नसलेला पट्टा दाखवत, हाताने गोल गोल करत ते सांगत राहिले. एवढं कन्नड मला कळलं. कोणालाही कळलं असतं.

अक्काने तुकडा घेतला नाही. जिथल्या तिथे उभी राहून तिने तो पाहिला. मग शेगडी पुन्हा पेटवली, आणि काडी विझवता विझवता एक वाक्य बोलली. अण्णांनी तुकडा पिशवीत ठेवला. परत फिरताना मी विचारलं, काय म्हणाली? त्यांनी बसमध्ये चढल्यावर सांगितलं.

"म्हणाली, इथे मला झाडं मारणारी कोण पण म्हणत नाही. इथे कशाला सांगता? तिथे सांगा."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा सकाळी तिच्या जुन्या जागेवर उभे राहू लागले. फिरायला निघालेल्यांना थांबवत, तुकडा दाखवत, झाडं मी मारली असं सांगत. संघटनेतली माणसं अवघडून हसत. कोणी म्हणे, असू दे अण्णा, झालं ते झालं. कोणी पाठीवर थोपटे. एक गृहस्थ म्हणाले, "पण ती गाडी गेली ते बरंच झालं की. रस्ता किती मोकळा झाला." अण्णांनी त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं की ते गृहस्थ फोन आल्यासारखं करून पुढे गेले.

त्या दिवशी जिन्यात अण्णा मला म्हणाले, "झाडांचं कोणालाच काही नव्हतं गं. मलाच होतं."  

अक्काला परत बोलवायला ते पुन्हा एकदा आनेकलला गेले, या वेळी एकटे. ती आली नाही. तिथे तिचं बरं चाललं होतं. त्यांना तिने इडली खायला घातली, एवढं मात्र त्यांनी आल्याबरोबर सांगितलं. चटणी जास्त होती का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. सगळ्यांना घालते तेवढीच." आणि मान हलवली, ते योग्यच आहे अशी.

रविवारचं मशीन त्यांनी सोडलं नाही, हे मला विशेष वाटतं. पण करंजापाशी आले की ते बंद करत. हातभर अंतरावर थांबत आणि झाडाभोवतीचं गवत तसंच राहू देत. एक वर्तुळ, वाढलेलं, विस्कटलेलं. मागे येऊन मान तिरकी करणं तेवढं बंद झालं.

यंदा त्यांची मुलगी त्यांना म्हैसूरला घेऊन गेली. गुडघे अगदीच गेले होते. जाताना त्यांनी मशीन मला दिलं. मी नको म्हणाले. "नुसतं ठेवलं तर कार्बुरेटर जाम होतो," ते म्हणाले, आणि पेट्रोलमध्ये ऑईल कसं मिसळायचं ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो लाकडाचा तुकडा त्यांनी कपड्यांच्या पेटीत ठेवला होता, शर्टांच्या वर. मुलगी म्हणाली, हे काय घेताय? ते म्हणाले, "माझं आहे."

आता रविवारी मी खाली उतरते. पहिल्या हिसक्याला मशीन सुरू होत नाही. सुरू झालं की लोक वळून बघतात, गच्चीवरची ती गप्प मुलगी पट्टा अडकवून उभी आहे म्हणून. मला अजूनही मान खाली घालावीशी वाटते. या मशीनला मान खालीच लागते, आणि त्या आवाजात कोणी आपल्याशी बोलूही शकत नाही.

मागच्या रविवारी रस्ता मोकळा झाला म्हणणारे ते गृहस्थ माझं काम संपेपर्यंत थांबले. उरलेल्या करंजांकडे बोट दाखवून म्हणाले, कडा राहिल्या तुमच्या. अण्णा असते तर असं ठेवलं नसतं.

"अण्णांनीच ठेवलंय," मी म्हटलं.

आवाज जरा मोठा आला. ते गेल्यावर मी गॉगल कपाळावर सरकवला. झाडाभोवतीचं गवत गुडघ्याएवढं झालं होतं.