चुन्यातला अंगठा

जुन्नरच्या त्या हौदाची घटना आठवली की आजही मी नकळत माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आ वासून बघत राहावं असं प्रकरण हे एकच.

जुन्या पेठेत एक दगडी हौद आहे. तो कधी बांधला कोणाला ठाऊक नाही, पण आटलेला कोणी पाहिला नव्हता. एका सकाळी पेठेतल्या पंधरा-वीस बाया रिकाम्या कळश्या घेऊन थेट ठाण्यात शिरल्या.

"साहेब, हौद आटला! आमचं पाणी चोरलंय कुणीतरी," पुढची बाई म्हणाली. "तक्रार लिवून घेतल्याबिगर आमी हलणार न्हाई."

ठाणे अंमलदार माझ्याकडे बघू लागला. चोरीला गेलेला माल म्हणून पाणी कसं लिहायचं, हा त्याचा प्रश्न. मी म्हटलं, पाणीपुरवठ्याला बाधा आणणं हाही गुन्हाच आहे, अर्ज घ्या.

हौदाच्या वरच्या अंगाला एक जुनं घर पाडून तिथे दुकानगाळे बांधायचं काम सुरू होतं. मालक आळे गावचे बागायतदार. त्यांना बोलावलं, तर त्यांनी एका दमात संशयितच हातात दिला.

"आमचा आधीचा गवंडी, साहेब. 'ह्या कोपऱ्यात खांदू नका, पेठेचं पाणी जाईल' म्हणून भांडला न् काम सोडून गेला. चार दिवसांत पाणी गेलं. आता तुमीच बघा!"

बघायचं काय त्यात! गुन्हा घडायच्या आधी ज्याला माहीत, तोच आरोपी, असं आमचं सरळ गणित. गवंडी त्याच पेठेतला, सत्तरीला टेकलेला. सगळे त्याला चाचा म्हणत. घरात पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचं काम. तासाभरात तो माझ्यासमोर बाकावर बसला होता.

"चाचा, पाणी जाणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"खालनं नळ गेलाय, साहेब. भाजल्या मातीचा, लई जुना. बापानं दावला व्हता मला."

"जमिनीखालचा नळ दाखवला? कसा?"

"जिमिनीला कान लावून."

शिपाई फिदीफिदी हसले. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते. शहराच्या नकाशात असा नळ कुठेच नव्हता. दुपारपर्यंत तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले, उत्तर काही बदललं नाही. शेवटी मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले आणि ठशांची शाई मागवली.

चाचाने दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले. "घ्या. पर उमटायचं काय न्हाई. चुन्यानं रेषा खाल्ल्यात. रेशनच्या मशिनीवर बी उमटत नाय."

मी बोटं हातात घेऊन पाहिली. खरोखरच गुळगुळीत, घासून ठेवलेल्या पाटीसारखी. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, गवंड्याला लोक घरात घेत्यात ते इमानावर. आज तुमी अटक केली, तर उद्या मला कोण उंबऱ्याच्या आत घेईल? पन्नास वर्सं ह्याच पेठेत काम केलंय मी."

मी शाईची डबी उघडली. तेवढ्यात फोन वाजला. आळेफाट्याचा एक हॉटेलवाला, आमचा जुना खबऱ्या.

"साहेब, तुमच्या पेठेतल्या कामावरचा जेसीबीवाला कालपासून हितं बसून हाय. जुन्नरचं नाव काढलं की हातातला चहा सांडतोय गड्याच्या."

शाई तिथेच ठेवली आणि गाडी काढली. जेसीबीवाला तिशीतला, चांगला आडदांड गडी. दरडावायची वेळच आली नाही. मी समोरची खुर्ची ओढली आणि त्याला रडू फुटलं.

"बकेट मारली न् खाली कायतरी फुटलं, साहेब. जिमिनीतनं गार वारं आलं, पार तोंडावर! आन् आतनं आवाज, कुणी दम टाकल्यावानी. म्हटलं, देवाचं कायतरी फुटलं आपल्या हातनं. वरनं राडारोडा ढकलला न् पळालो. मालकाला बी बोललो न्हाई."

चारच्या सुमारास पंचांसमोर त्याने जागा दाखवली. चाचालाही नेलं होतं, अजून संशयित म्हणूनच. माणसांनी हातांनी राडारोडा उपसला. तळाशी तांबडा खापरी नळ निघाला, वीतभर फुटलेला. वरच्या तोंडातून गारेगार पाणी खळखळत होतं आणि शेजारच्या बुजवलेल्या आडात मुरून जात होतं. मालकांचा चेहरा उतरला.

पण हेच पाणी हौदाला जात होतं कशावरून? पंचनाम्याला पुरावा लागतो. चाचाने गिरणीतून पोतंभर भाताचं तूस मागवलं. बायांनी खड्ड्यातलंच पाणी कळश्यांनी भरून नळाच्या खालच्या तोंडात ओतायला सुरुवात केली आणि चाचा त्यात मुठी-मुठीने तूस सोडू लागला. मी हौदावर जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. हौदाच्या दगडी तोंडातून आधी ओल आली, मग पाण्याची बारीक धार, आणि त्या धारेत तुसाचा एक पिवळा कण. पाठोपाठ असंख्य.

अंगावर सरसरून काटा आला. ज्या रस्त्यावर आम्ही रोज बंदोबस्ताला उभे राहायचो, गाड्या लावायचो, दंड ठोकायचो, त्याच्याखाली हे सगळं शेकडो वर्षं मुकाट चाललेलं होतं! पंप नाही, वीज नाही. नुसता उतार साधलेला. कोणी साधला असेल?

भरलेल्या पेठेसमोर मी चाचाला हात जोडले. "चाचा, चूक माझी झाली. ह्या माणसाचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही, सगळ्यांनी ऐका." चाचाने खांद्यावरचा रुमाल डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्ती धरली. कुठल्याशा पाडकामातून जपून ठेवलेले दोन खापरी नळ त्याच्याकडे होते. जेसीबीवाला आपण होऊन चुना मळायला आला. मालकांनी पायाचा कॉलम दोन फूट सरकवला. दुपारी चाचाने मला खड्ड्यात बोलावलं.

"हे बघा साहेब."

शेजारच्या जुन्या, न फुटलेल्या सांध्यावरची माती त्याने पुसली. सांध्याच्या चुन्यात अंगठ्याचा ठसा होता. चक्राकार, रेषा न् रेषा शाबूत, आणि डावीकडे जखमेचा बारीक आडवा वण. ठसे बघण्यात माझा जन्म गेला. तो माणूस त्या दिवशी समोर आला असता, तर मी त्याला ओळखलं असतं! मी गुडघ्यांवर बसून बघतच राहिलो.

"काम सपलं की शेवटच्या सांध्याला अंगठा लावायचा," चाचा म्हणाला. "काम माझं, जबाबदारी माझी, म्हून. बाप बी लावायचा."

"मग लावा ना तुम्हीही."

चाचा मिस्कील हसला. "काल ठाण्यात माझा अंगठा मागत व्हता न्हवं? माझा उमटत न्हाई, राव. तुमचा द्या."

मी ओल्या चुन्यात अंगठा दाबला. गार लागला, मग चुरचुरला. संध्याकाळी हौद भरला.

आता तिथे गाळे उभे आहेत. एकात मोबाईलचं दुकान आहे. त्या पेठेने मला शिकवलं की आधीच जाणणारा माणूस गुन्हेगार असतोच असं नाही. बऱ्याचदा तोच एकटा राखण करत असतो. नोकरीत कितीतरी माणसांचे ठसे घेतले. माझा स्वतःचा एकच दिला, आणि तो अजून पेठेचं पाणी राखतो आहे, त्या अनोळखी माणसाच्या ठशाशेजारी.